स्टोरेजमधला पार्ट बदलताय? आधी धडधाकट बाजू तपासा

रात्री साडेअकराला फोन येतो. ‘अंबर लाइट (बिघाडाचा दिवा) लागलाय, पार्ट पोचलाय, तुम्ही कधी पोचताय?’ असा फोन मला पहिल्यांदा आला तेव्हा मी बॅगेत स्क्रूड्रायव्हर टाकून निघालो होतो आणि बाकी काहीच घेतलं नव्हतं. गेटवर पाऊण तास गेला, कन्सोल केबल (लॅपटॉप थेट मशीनला जोडायची) दुसऱ्याकडून मागावी लागली, आणि शेवटी डिस्कही चुकीची उपटली. ती गोष्ट पुढे येईलच. हेल्पडेस्कवरून किंवा सर्व्हरच्या कामावरून नुकतेच स्टोरेज टीममध्ये आला असाल आणि महापे-ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये किंवा कंपनीच्याच सर्व्हर रूममध्ये पहिल्यांदा पार्ट बदलायला जाणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझं बरंचसं काम नेटॲप या स्टोरेज कंपनीच्या दोन कंट्रोलरच्या (म्हणजे डिस्क चालवणाऱ्या मेंदूंच्या) जोड्यांवर झालं, म्हणून बारीक तपशील तिथले दिले आहेत. दुसऱ्या कंपनीच्या ॲरेत (म्हणजे कंट्रोलर आणि डिस्क मिळून झालेल्या स्टोरेज मशीनमध्ये) शब्द बदलतात, क्रम फारसा बदलत नाही. तरी तुमच्या मॉडेलची सर्व्हिस गाइड उघडी ठेवाच. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पंख्याची जागासुद्धा वेगळी असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. स्टोरेजमध्ये सगळं जोडीनं असतं: दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, होस्टकडे (स्टोरेज वापरणाऱ्या सर्व्हरकडे) जाणारे दोन पाथ, डबल पॅरिटी (दोन डिस्क गेल्या तरी डेटा परत उभा करता येईल अशी जादा माहिती). जो पार्ट मेलाय तो मेलाय, तो आता आणखी काही बिघडवणार नाही. डेटा उभा आहे तो उरलेल्या पार्टच्या जिवावर. नवखा माणूस लाल-अंबर दिव्याकडे धावतो. मुरलेला माणूस आधी हिरव्या दिव्यापाशी थांबतो आणि तो खरंच हिरवा आहे का, हे बघतो.

१. चालू मशीनमधून काय निघतं, काय नाही

डिस्क, पॉवर सप्लाय, एसएफपी (फायबर केबल जोडायचा छोटा मॉड्यूल) आणि बहुतेक मॉडेलांत पंखे चालू मशीनमधून काढता येतात. मेमरी, कॅशची (डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो त्या मेमरीची) बॅटरी, कंट्रोलरमधली कार्डं आणि बूट मीडिया (ज्यावरून कंट्रोलर सुरू होतो तो) यांच्यासाठी मात्र तो कंट्रोलर बंद करून बाहेर ओढावा लागतो. म्हणजे मेमरीची एक पट्टी बदलणं हे काम कंट्रोलर बदलण्याइतकंच मोठं. ‘एक रॅमच तर बदलायची आहे’ असं म्हणून कोणी चेंज विंडो (कामासाठी मंजूर करून घेतलेली वेळ) नको म्हणत असेल, तर त्याला हे समजावून सांगा.

२. निघण्याआधी: कागद आणि सामान

कागदपत्रं:

- मंजूर झालेली चेंज रिक्वेस्ट आणि तिचा नंबर. बँकेचं काम असेल तर पगाराचे दिवस, महिनाअखेर आणि मार्चअखेर सोडूनच तारीख मागा. त्या काळात फ्रीझ (बदलांना बंदी) असतो, आणि नसला तरी तुम्ही तो आहे असंच समजा.
- सपोर्ट केसचा नंबर, मशीनचा सिरियल नंबर, रॅक आणि यू नंबर (रॅकमधली उंची).
- गेट पास: आत जाणारा पार्ट, बाहेर येणारा पार्ट आणि तुमचा लॅपटॉप, तिन्हींचे सिरियल नंबर त्यावर हवेत.
- डिस्क एन्क्रिप्टेड असतील तर की मॅनेजरचा (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सोयीचा) पासफ्रेज कोणाकडे आहे, त्याचं नाव आणि रात्री उचलला जाईल असा फोन. हा कागद सगळे विसरतात. पासफ्रेज असतो सिक्युरिटीच्या साहेबांकडे, आणि साहेब झोपलेले असतात.

सामान: ईएसडी पट्टा (अंगातली स्थिर वीज काढून टाकणारा मनगटाचा पट्टा), एक आणि दोन नंबरचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च (डोक्याला लावायची असेल तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात), केबलला लावायची लेबलं आणि मार्कर, अँटिस्टॅटिक पिशव्या, फायबर साफ करायचं पेन, कन्सोल केबल आणि तिचा चालणारा ड्रायव्हर. कन्सोलचा बॉड रेट (केबलवरून बोलण्याचा वेग) जुन्या मशीनला ९६०० आणि नव्याला बहुधा १,१५,२०० असतो. स्क्रीनवर चिनी-जपानी दिसू लागलं तर केबलला शिव्या देण्याआधी हे तपासा.

पार्ट पोचला की खोक्यावरचा पार्ट नंबर केसमधल्या नंबराशी जुळवा, तोही घरून निघण्याआधी. डिस्क असेल तर क्षमता, प्रकार आणि एन्क्रिप्शनवाली आहे की साधी, हे तिन्ही बघा. नव्या मॉडेलची डिस्क जुन्या मशीनला ओळखूच येत नाही, असंही होतं. नेटॲपमध्ये त्यासाठी डिस्क क्वालिफिकेशन पॅकेज अद्ययावत लागतं. ते दिवसाच टाकून घ्या.

पट्ट्याबद्दल दोन शब्द, कारण तो खिशातच ठेवणारे मी रोज बघतो. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा चटका माणसाला जाणवतच नाही. काही चिपना मात्र शंभरच्या आसपासचे व्होल्टही पुरतात. म्हणजे ‘मला तर काही झालं नाही’ याला काही अर्थ नाही. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्यांना याचं गांभीर्य कळत नाही. नागपूरकडे डिसेंबरात स्वेटर काढताना जे तडतडतं, ते आठवा. एसीच्या कोरड्या हॉलमध्ये तसंच होतं. पट्टा रॅकच्या रंग नसलेल्या धातूला लावा, रंगावर लावून उपयोग नाही.

३. धडधाकट बाजू तपासा

इथे वेळ घालवा. माझा साधा नियम आहे: खालच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय रॅकचं दार उघडायचं नाही.

जोडीदार कंट्रोलर भार घ्यायला तयार आहे का? नेटॲपमध्ये स्टोरेज फेलओव्हरची स्थिती बघितली की टेकओव्हर (जोडीदारानं सगळं काम हातात घेणं) शक्य आहे की नाही, ते सरळ लिहिलेलं येतं. शक्य नसेल तर कारणही येतं. क्लस्टर कोरममध्ये आहे का (पुरेसे नोड एकमेकांच्या संपर्कात आहेत का), दोन्ही नोड (म्हणजे कंट्रोलर) निरोगी आहेत का, तेही बघा.

एखादी डिस्क रिबिल्ड होतेय का, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा दुसरीवर परत भरला जातोय का? होत असेल आणि तुम्ही डिस्कशिवाय दुसरं काही बदलायला आला असाल, तर थांबा. हिशोब करून बघा. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटनं भरली, तर एक लाख सहा हजारांवर सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ ३० तास. तेही मशीनला दुसरं काहीच काम नसेल तर. त्या काळात ॲरेची एक पॅरिटी गेलेली असते. ग्राहक ‘आत्ताच करून टाका ना’ म्हणेल. हा हिशोब त्याला कागदावर लिहून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक होस्टला दोन्ही कंट्रोलरकडून पाथ आहेत का? स्टोरेजच्या बाजूनं सगळं हिरवं दिसतं, पण होस्टचं काय? लिनक्सवर मल्टिपाथची यादी, विंडोजवर एमपीआयओ (तिथली मल्टिपाथची सोय), व्हीएमवेअरवर प्रत्येक डेटास्टोअरचे पाथ काढून घ्या. सर्व्हरवाल्यांकडून स्क्रीनशॉट मागा, ‘हो हो, आहेत दोन’ यावर जाऊ नका. एका ठिकाणी मी ‘हो हो’वर गेलो. सगळे सर्व्हर नीट होते, फक्त हिशोब खात्याच्या एका जुन्या सर्व्हरची एक फायबर केबल कोणीतरी काही महिन्यांपूर्वी काढून टेबलावर ठेवली होती. कंट्रोलर बंद केला आणि त्या सर्व्हरची डिस्कच गायब झाली. स्टोरेज उत्तम चाललं होतं, तरी तक्रारीच्या तिकिटावर नाव माझंच लागलं.

शेवटचं, बॅकअप. कालचा बॅकअप यशस्वी झालाय का, एवढं विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

हे सगळं झालं की मशीनला देखभालीचा निरोप द्या. नेटॲपच्या ऑटोसपोर्टला (बिघाड आपोआप कंपनीला कळवणाऱ्या सोयीला) किती तास काम चालणार, ते आधी सांगता येतं. मग तेवढा वेळ आपोआप नव्या केस उघडत नाहीत. नाही सांगितलं तर तुम्ही पार्ट ओढताच दुसरा पार्ट कुरियरला लागतो.

४. डिस्क: मोजणी शून्यापासून

आता ती गोष्ट. अलर्टमध्ये लिहिलं होतं बे ७ (बे म्हणजे डिस्क बसते तो खण). मी डावीकडून सात मोजले आणि सातवी डिस्क ओढली. पण शेल्फवरची (डिस्क बसवलेल्या पेटीवरची) मोजणी शून्यापासून होती, म्हणजे मी काढली ती सहा नंबरची, चांगली चालणारी. मेलेल्या डिस्कचं रिबिल्ड स्पेअरवर (राखीव डिस्कवर) अजून चालू होतं. डबल पॅरिटी होती म्हणून डेटा वाचला. सिंगल असती, तर आज मी हा लेख लिहायला या क्षेत्रात नसतो.

नेटॲपच्या २४ डिस्कच्या डीएस२२४सी शेल्फमध्ये बे ० ते २३ असतात, डावीकडून उजवीकडे. इतर ठिकाणी कुठे शून्यापासून, कुठे एकापासून. कुठे आडवं मोजतात, कुठे उभं. म्हणून मोजूच नका. सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचा लोकेट दिवा लावा. दिवा लागला की त्याच बेमध्ये अंबर दिवाही आहे का, ते बघा. मग शेल्फचा आयडी वाचा. एकाच रॅकमध्ये पाच सारखे शेल्फ असतात आणि रात्री तीनला ते आणखीच सारखे दिसतात. डिस्क बाहेर आली की सिरियल नंबर जुळवा.

डिस्क काढताना हँडल उघडा, थोडी बाहेर ओढा आणि तिथेच थांबा. फिरणारी डिस्क असेल तर आतल्या तबकड्या थांबायला अर्धा ते एक मिनिट लागतं. मग दोन्ही हातांनी धरून बाहेर काढा. नवी लगेच घालू नका. नेटॲपच्या सूचनेप्रमाणे किमान ७० सेकंद जाऊ द्या, म्हणजे जुनी गेल्याचं मशीनला कळतं. घड्याळ बघा, अंदाजाची ७० सेकंदं पंचवीसच भरतात. नवी डिस्क शेवटपर्यंत सरकवा आणि मगच हँडल बंद करा. हँडलच्या जोरानं डिस्क ढकलायची नाही.

चुकून चांगली डिस्क निघालीच, तर हात बाजूला घ्या. घाबरून ती परत घालायची आणि लगेच दुसरी ओढायची, हाच खरा घात. कन्सोलवर काय चाललंय ते आधी बघा आणि सपोर्टला फोन लावा.

नवख्यांना गोंधळात टाकणारी एक गोष्ट. नवी डिस्क घातली की रिबिल्ड सुरू होईल असं वाटतं, आणि काहीच होत नाही. स्पेअर असेल तर रिबिल्ड त्यावर आधीच झालेलं असतं, आणि तुमची नवी डिस्क आता स्पेअर म्हणून बसते. काही ॲरे मात्र स्पेअरवरचा डेटा परत नव्या डिस्कवर आणतात. नेटॲपमध्ये आपोआप मालकी देण्याची सोय बंद केलेली असेल, तर डिस्क कोणाचीच नाही अशी पडून राहते आणि तुम्हालाच ती नोडला द्यावी लागते. हे न करता निघून गेलात, तर पुढच्या वेळी डिस्क मरते तेव्हा स्पेअर नसतो.

५. पॉवर सप्लाय, पंखा, एसएफपी

पॉवर सप्लाय काढण्याआधी दुसऱ्याची केबल हातानं धरून पीडीयूपर्यंत (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीपर्यंत) जा. दोन्ही सप्लाय एकाच पीडीयूवर लावलेले मी एकदा नाही, अनेकदा बघितलेत. तसं असेल तर आजच्या कामात त्याला हात लावू नका, पण लिहून मात्र ठेवा. मेलेल्याचा स्विच बंद करा, केबल काढा, सप्लाय ओढा, नवा बसवा, केबलची क्लिप लावा. खोकं आधीच फोडून नवा सप्लाय हाताशी ठेवा, कारण मधल्या वेळात हवेचा प्रवाह बिघडतो. नेटॲपच्या काही मोठ्या मॉडेलांत पंखा काढल्यावर दोन मिनिटांत नवा बसला नाही, तर कंट्रोलर गरम होऊ नये म्हणून स्वतःच बंद होतो.

एसएफपी सोपं काम. फायबरच्या टोकात डोकावायचं नाही, टोक पेननं पुसूनच लावायचं, आणि काढलेल्या टोकाला लगेच टोपी घालायची.

६. कंट्रोलर: हे घाईत होत नाही

चार तासांची विंडो मागा. हातांचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं, बाकीचा वेळ बूट, तपासणी आणि वाट बघण्यात जातो. नेटॲपच्या जोडीवर मी असा जातो:

(अ) चांगल्या नोडवरून ऑटो गिव्हबॅक (काम मूळ कंट्रोलरला आपोआप परत देणं) बंद करतो. नाहीतर अर्धवट जोडलेल्या कंट्रोलरकडे मशीन आपणहून डेटा परत करायला बघेल.

(आ) एन्क्रिप्शन असेल तर की मॅनेजरची स्थिती आणि पासफ्रेज आत्ताच तपासून घेतो. कंट्रोलर बाहेर आल्यावर पासफ्रेज सापडला नाही, तर तो नोड परत येतो पण डिस्क वाचता येत नाहीत.

(इ) टेकओव्हर करतो आणि पाच-दहा मिनिटं नुसता बसतो. सर्व्हरवाले, डेटाबेसवाले, सगळ्यांना विचारतो की चाललंय ना. काही ॲरेंमध्ये एक कंट्रोलर गेला की राइट कॅश बंद पडते आणि लिहिण्याचा वेग खाली येतो. हे आधी सांगून ठेवलं नसेल तर ‘सिस्टिम स्लो’चे फोन सुरू होतात.

(ई) प्रत्येक केबलला लेबल लावतो आणि फोटो काढतो. फोटो काढायची परवानगी नसेल (बँकांत बहुधा नसते) तर कागदावर आकृती.

(उ) वीज. इथे मोठा सापळा आहे. काही मॉडेलांत दोन्ही कंट्रोलर एकाच चॅसिसमध्ये असतात आणि दोन्ही पॉवर सप्लाय दोघांचे सामाईक असतात. तिथे ‘आधी वीज काढा’ हा घरचा नियम लावलात, तर चालू कंट्रोलरही बंद. अशा मॉडेलात सप्लायला हात न लावता फक्त कंट्रोलर ओढायचा. प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचे सप्लाय असतील तरच ते काढायचे. गाइडमधलं तेवढं पान छापून न्या.

(ऊ) कंट्रोलर ओढल्यावर एनव्हीमेमचा (बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीचा) दिवा बघतो. तो लुकलुकत असेल तर मेमरीतला न लिहिलेला डेटा फ्लॅशवर उतरतोय. थांबेपर्यंत बॅटरीला हात लावत नाही.

(ए) जुन्यातली मेमरी, बूट मीडिया, बॅटरी, कार्डं नव्यात घालतो, ज्या स्लॉटमधून काढली त्याच स्लॉटमध्ये. मेमरीची पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायची.

(ऐ) नवा कंट्रोलर अर्धाच आत सरकवतो, कन्सोल केबल जोडतो आणि मग पूर्ण बसवतो. पूर्ण बसताक्षणी तो बूट व्हायला लागतो. त्याला लोडर प्रॉम्प्टवर (मुख्य सॉफ्टवेअर सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर) अडवायचं असतं, म्हणून लॅपटॉप आधीच उघडा हवा.

(ओ) घड्याळ. लोडरवर तारीख-वेळ तपासायची असते आणि ती जीएमटीमध्ये असते. आपली मंडळी मनगटावरची वेळ टाकून मोकळी होतात आणि कंट्रोलर साडेपाच तास पुढे जातो. रात्री दोन वाजता काम करत असाल तर जीएमटीत आदल्या दिवसाचे साडेआठ वाजलेले असतात. तारीखही बदलते, हे विसरू नका.

(औ) मेंटेनन्स मोडमध्ये जाऊन कंट्रोलर आणि चॅसिस दोन्हींची एचए (जोडीनं चालण्याची) स्थिती बरोबर आहे ना, ते बघतो. मग बूट करताना सिस्टिम आयडी जुळत नसल्याचा प्रश्न येतो. नव्यांची इथे छाती धडधडते. घाबरू नका, कंट्रोलर बदलला म्हणजे आयडी बदलणारच. डिस्कची मालकी त्या आयडीशी बांधलेली असते, म्हणून मशीन विचारतं. हो म्हणायचं. चांगल्या नोडवरून जुना आणि नवा आयडी दोन्ही दिसतात, ते लिहून घ्या.

(अं) गिव्हबॅक. त्यानंतर डिस्कची मालकी नव्या आयडीवर आली का, नेटवर्कचे पत्ते आपापल्या मूळ पोर्टवर परतले का, हे तपासून ऑटो गिव्हबॅक पूर्वी होतं तसं करतो. शेवटची ही पायरी राहून जाते, कारण तोवर पहाट झालेली असते.

दुसऱ्या ॲरेंसाठी दोन गोष्टी आधी विचारून ठेवा. नवा कंट्रोलर वेगळ्या फर्मवेअरचा आला तर काय होतं? एचपीईच्या एमएसए किंवा डेलच्या पॉवरव्हॉल्ट एमई प्रकारात जोडीदाराकडून फर्मवेअर आपोआप घेण्याची सोय असते. तेव्हा तो दोनदा रीबूट झाला तरी मध्ये वीज काढू नका. आणि फायबर चॅनेलचे पत्ते बदलतात का? बदलत असतील तर झोनिंगवाला (फायबर स्विचवर कोण कोणाशी बोलेल ते ठरवणारा) माणूस त्या रात्री जागा हवा.

७. निघण्याआधी

होस्टचे पाथ परत मोजा, कामाआधीच्या स्क्रीनशॉटशी जुळवून. कॅशची बॅटरी बदलली असेल तर ती पूर्ण चार्ज होईपर्यंत राइट कॅश बंद राहू शकते, हे ग्राहकाला सांगून ठेवा. अलर्ट पुसू नका, आपोआप जातात का ते बघा. पुसलेला अलर्ट आणि सुटलेला अलर्ट यांत फरक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, भार असताना, लॉगवर एकदा नजर टाका.

८. जुना पार्ट

जुना पार्ट अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, नव्याच्या खोक्यात ठेवा आणि काय बिघडलं होतं याची चिठ्ठी टाका. चिठ्ठी नसेल तर पुढच्या आठवड्यात तोच पार्ट ‘नवा’ म्हणून कोणीतरी उचलतो.

डिस्कची गोष्ट वेगळी. बँका आणि सरकारी कार्यालयं बऱ्याचदा डिस्क परत देत नाहीत. तसा करार आहे का, ते केस उघडतानाच विचारा, नाहीतर न परतलेल्या डिस्कचं बिल येतं. ठेवून घेतलेल्या डिस्क नष्ट करताना लक्षात ठेवा की डीगॉसर (चुंबकानं डेटा पुसणारं यंत्र) चुंबकी डिस्कवर चालतो, एसएसडीवर त्याचा उपयोग नाही. ती तुकडेच करावी लागते. आणि तो चुरा भंगारवाल्याला द्यायचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

गेटवर सिक्युरिटी खोकं उघडायला लावेल आणि सिरियल नंबर पासशी जुळवेल. जुना पार्ट रॅकमध्ये असताना त्याचा सिरियल कळत नाही म्हणून पासवर जागा कोरी सोडली असेल, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी ती भरा आणि तिथल्या माणसाची सही घ्या. गेटपासून परत हॉलपर्यंत येण्यात, पुन्हा बायोमेट्रिक करण्यात आणि सहीवाला शोधण्यात पहाटेचा एक तास सहज जातो.